मामांच्या दुखवट्याविषयी मामांना

तीर्थरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार. (या वेळचा साष्टांग नुसता कागदावरचा नाही. दार लावून, सतरंजी अंथरून, खरोखर पालथा पडून घातला आहे. उठताना कमरेत उसण भरली, ती अजून आहे.)

तर सर्वांत आधी, तुमची प्रकृती कशी आहे? दर पत्रात मी हे विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या ओळीवर जातो, हे मला मान्य आहे. या वेळी मात्र मनापासून विचारतो आहे. भूक लागते ना? झोप लागते ना, आणि सकाळी जाग येते ना? संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा ओळखीचे लोक भेटतात, थांबतात, बोलतात ना? गुडघा दुखायचा थांबला असेल तर आनंद आहे आणि दुखत असेल तर त्याहून आनंद आहे, कारण दुखण्यासाठी माणूस जागेवर असावा लागतो. मामींना नमस्कार सांगा. त्यांचा स्वभाव पूर्वीसारखाच असेल अशी खात्री आहे, म्हणूनच हे पत्र तुमच्या नावाने लिहितो आहे. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आई ताईकडे राहायला गेली आहे, ते एक बरं झालं. तुमच्या सूनबाई हल्ली आंघोळीला शेजारी जातात, त्याचं कारण पुढे येईलच.

मामा, तुमच्यापासून काही लपवायची मला सवय नाही, म्हणून सरळच लिहितो. तुम्ही गेलात. घाबरू नका, सगळीकडे गेला नाहीत, फक्त आमच्या नगरपालिकेच्या हद्दीत. मागच्या सर्वसाधारण सभेत तुमच्या दुःखद निधनाबद्दल शोकप्रस्ताव मांडण्यात आला, तो एकमताने मंजूर झाला, सर्व सदस्य दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले आणि तुमच्या सन्मानार्थ सभा तहकूब झाली. एकमताने मंजूर झालेला हा आमच्या सभागृहाच्या आठवणीतला पहिलाच ठराव. (नळाला पाणी सोडावं की नाही यावरसुद्धा आमच्याकडे मतदान झालं होतं, आणि पाणी थोडक्यात जिंकलं.) प्रस्ताव मांडणारा सदस्य मी. खरं म्हणजे फोन करूनच सांगणार होतो. पण फोन तुम्ही स्वतः उचलता आणि 'कोण आहे?' असं दरडावता, त्यावर 'तुम्ही आता नाही आहात' हे सांगायला जीभ रेटेना.

हे असं का झालं ते आता सांगतो. तुम्ही पाय लांब करून बसा, कारण गोष्ट बदकांपासून सुरू होते.

मी निवडून आल्यावर मला उद्यान समितीचा सभापती केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्ही अभिनंदनाच्या पत्रात 'उद्यान किती चौरस मीटर?' असं विचारलं होतं, त्याचं उत्तर राहूनच गेलं.) शहरात उद्यान एकच. त्यात एक घसरगुंडी, दोन बाकं, पैकी एकावर पहारेकरी झोपलेला, आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. फुलं नाहीत, त्यामुळे पाटीचं पालन अगदी काटेकोर होतं. या उद्यानात एक लहानसं तळं करावं आणि त्यात बदकं सोडावीत, ही कल्पना माझी. सभेला ती आवडली. पण तळं म्हणजे बांधकाम. बांधकाम म्हटलं की नकाशा, अंदाजपत्रक, निविदा आणि वरच्या कचेरीची मंजुरी आलीच. बदकं मात्र, आमच्या लेखापालांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केल्यावर, किरकोळ साहित्यात मोडतात असं ठरलं. खडू, झाडू, फिनेल, बदकं. किरकोळ साहित्याला कुणाचीच मंजुरी लागत नाही. त्यामुळे तळं अजून वरच्या कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर फिरत असताना इकडे टेम्पो येऊन उभासुद्धा राहिला, आणि त्यातून सहा बदकं उतरली.

पहारेकरी म्हणाला की बदकं सांभाळायला माझी ना नाही, फक्त तळं कुठे आहे ते दाखवा. मग भांडारपालांनी ती रीतसर ताब्यात घेतली, कारण किरकोळ साहित्य भांडारात जमा व्हायला हवं, आणि लोखंडी फडताळात एका खणात दोन अशी नीट लावून ठेवली. बदकांना ही मांडणी पसंत पडली नाही. संध्याकाळपर्यंत भांडारपालांचा बदलीचा अर्ज माझ्या हातात आणि बदकं माझ्या दारात होती. व्यवस्था तात्पुरती आहे असं मला सांगण्यात आलं, आणि मी इतका नवखा की मला ते खरं वाटलं. तेव्हापासून ती आमच्या न्हाणीघरात राहतात. त्यांच्यात एक जाडजूड बाई आहे, तिला आम्ही वहिनीसाहेब म्हणतो. न्हाणीघरात कुणी कधी जायचं हे ती ठरवते. मला ती अजिबात जाऊ देत नाही, त्यामुळे मी अंगणातल्या नळाखाली दोन तांबे घेतो आणि सभेला जातो. आणि एक सगळ्यांत धाकटं आहे, ते कायम मागे पडतं. दाणे टाकले की बाकीची पाच त्याला चोची मारून बाजूला सारतात आणि ते भिंतीकडे तोंड करून उभं राहतं. मी आपला दारातून बघत बसतो. सभापती असून मला तिथेही काही करता येत नाही.

आता आमच्या सभेत एक किराणा दुकानदार आहेत. त्यांना सगळे हरकतवाले म्हणतात, कारण ते आधी हरकत घेतात आणि मग विषय कोणता चालला आहे ते शेजाऱ्याला विचारतात. एकदा त्यांनी आभारप्रदर्शनावर हरकत घेतली होती. (कोणाचे आभार आणि कशाबद्दल, याचा खुलासा व्हावा असं त्यांचं म्हणणं होतं, खुलासा कुणालाच करता आला नाही.) हे गृहस्थ एके सकाळी उद्यानात गेले, तिथे बदकं नाहीत हे त्यांनी जातीने पाहिलं आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत सातवा विषय टाकला: 'उद्यान समितीने खरेदी केलेली बदके सध्या कोठे आहेत, याचा सभापतींनी खुलासा करावा.' मामा, मी काय खुलासा करणार? सार्वजनिक बदकं सभापतीच्या खासगी न्हाणीघरात आहेत, असं उभं राहून सांगायचं? लगेच माझं सभापतिपद गेलं असतं, त्याच्या मागोमाग तळं गेलं असतं, आणि तळं गेल्यावर बदकं कुठे जाणार? ती जन्मभर माझ्याकडेच राहिली असती. तुमच्या सूनबाईंनी तर सांगूनच टाकलं आहे की हे असंच चालणार असेल तर त्या शेजारी आंघोळीला जातात तशा जेवायला आणि झोपायलाही जातील. शेजारीण चांगली आहे, तिने खोलीसुद्धा झाडून ठेवली आहे.

आमच्याकडे अशा प्रसंगी एक जुनी रीत आहे. सभेच्या सुरुवातीला शोकप्रस्ताव घेतात. माणूस साधारण असेल तर एक मिनिट उभं राहायचं आणि कामाला लागायचं. पण माणूस मोठा असेल तर दोन मिनिटं उभं राहायचं आणि त्याच्या सन्मानार्थ सभाच तहकूब करायची. त्यामुळे ज्याची एखाद्या विषयावर तयारी नसते तो सदस्य सभेच्या आदल्या आठवड्यात आपल्या वॉर्डात जरा जास्त फिरतो, म्हाताऱ्या मंडळींची विचारपूस करतो. वाईट हेतू कुणाचाच नसतो, पण कान उघडे असतात. मीही फिरलो. आमच्या वॉर्डात एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, ते बरेच दिवस अंथरुणाला खिळले होते, शहरात मान मोठा, दोन मिनिटं सहज मिळाली असती. मी रोज सकाळी जाऊन त्यांच्या उशाशी बसू लागलो. कुणीतरी रोज येतं, विचारपूस करतं म्हणून त्यांना एवढा हुरूप आला की ते उठून बसले, मग जिना उतरले, आणि सभेच्या दिवशी सकाळी मला वाटेत भेटले ते पळत होते. व्यायाम म्हणून! मी त्यांचं तोंड भरून कौतुक केलं आणि कपाळावरचा घाम पुसत सभागृहात शिरलो.

नगराध्यक्षाबाईंनी (त्या पूर्वी परिचारिका होत्या, आणि आम्हा सदस्यांकडे त्या अजूनही ताप मोजायचा राहिलेल्या रुग्णांकडे बघावं तशा बघतात) नेहमीप्रमाणे विचारलं की शोकप्रस्ताव कुणाचा आहे का. कुणी बोलेना. हरकतवाल्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि त्यातलं एक पांढरंशुभ्र पीस आपल्यासमोर टेबलावर ठेवलं. आमच्या दारातून उचललेलं असणार. ते पीस बघताच माझा हात आपोआप वर गेला. तोंडही उघडलं. आता कुणीतरी जाणं भागच होतं. आणि नेमकं माझ्या वरच्या खिशात सकाळच्या टपालाने आलेलं तुमचं पत्र होतं, ज्यात तुम्ही महिनाअखेरीला येतो असं कळवून शेवटी लिहिलं होतं, 'आमचं काय, आज आहोत उद्या नाही.' पत्रावरची तारीख आदल्या दिवसाची होती. मामा, तुम्ही आयुष्यात कधी चुकीचा आकडा लिहिलेला नाही. त्या हिशोबाने बघितलं तर मी फक्त तुमचंच म्हणणं सभेपुढे ठेवलं.

पण इथेच घोडं पेंड खातं. नुसतं नातं सांगून भागत नाही, दिवंगताचं कार्य सांगावं लागतं, त्यावर मिनिटं ठरतात. मी सुरुवातीला जे सुचेल ते ठोकून दिलं. तुम्ही दोन पूल बांधलेत, पुरातून एक म्हैस काढलीत, आणि एका परदेशी पाहुण्याला त्याच्याच भाषेत रस्ता सांगितलात. सभागृहात जांभया सुरू झाल्या. नगर अभियंत्यांनी पूल कोणते ते विचारलं. दुसरं काहीच सुचेना म्हणून शेवटी खरं ते सांगायला लागलो. म्हणालो, ते वजनमापे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. घरीसुद्धा मामी आमटीत मीठ घालताना चिमूट कितीची असं विचारायचे आणि उपाशी राहायचे. आम्हा भावंडांना गोळ्या वाटायच्या तर फळीवरचा पितळी तराजू खाली यायचा. कुणाला एक कण कमी नाही, एक कण जास्त नाही. एकदा ताईच्या वाट्याची शेवटची गोळी त्यांनी दाताने अर्धी करून तोलली आणि उरलेली अर्धी, कुणाचीच नाही म्हणून, स्वतः न खाता मुंग्यांना घातली.

आणि मग मामा, आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. बाबा गेले त्या वर्षी मी सुट्टीत तुमच्याकडे होतो. गोळ्या वाटताना माझी पाळी आली की तुम्ही खिडकीबाहेर बघायला लागायचात आणि तुमचा अंगठा हळूच वजनाच्या पारड्यावर टेकायचा. दुसऱ्यांच्या तराजूवरचे अंगठे पकडण्यात ज्यांची सगळी हयात गेली त्यांचा अंगठा! मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. न पाहिल्यासारखं करायचो, कारण गोळ्या जास्त मिळायच्या. आणि गोळ्यांशिवाय आणखी काहीतरी मिळायचं, ज्याच्यामुळे रात्री झोप लागायची.  खोटं बोलायला उभा राहिलो होतो हे मी साफ विसरलो. तुम्ही गेलात, आणि मी तुम्हाला हे कधी बोललो नाही, एवढंच डोक्यात राहिलं आणि मी भर सभागृहात ढसाढसा रडलो. शिपायाने पाणी आणून दिलं तर मी त्यालाच विचारलं की मामींना कुणी कळवलं का.

 तेवढ्यात हरकतवाले उठले. मी म्हटलं, संपलं. पण त्यांनी टेबलावरचं पीस उचललं, त्यानेच डोळे पुसले (दुसरं काही हाताशी नसावं), आणि भरल्या आवाजात म्हणाले की आपण अनेक निरीक्षक पाहिले, पण असा अंगठा पाहिला नाही. (त्यांच्या स्वतःच्या अंगठ्याबद्दल मला बोलायचं नाही, आम्ही साखर त्यांच्याकडूनच आणतो.) त्यांनी प्रस्तावाला अनुमोदन दिलं, वर अशी सूचना केली की उद्यानातलं नियोजित तळं ताबडतोब बांधून त्याला तुमचं नाव द्यावं. आता गंमत बघा. तळं बांधकामात मोडतं, पण स्मृतितळं स्मारकात मोडतं, आणि स्मारकाला वरच्या कचेरीची मंजुरी लागत नाही. जे काम इतके दिवस अडलं होतं ते तुमच्या जाण्याने एका क्षणात मार्गी लागलं. दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला माणसं आली. खड्डा कसला, चांगलं गोल तळं आहे, काठाला फरशी बसते आहे. तुम्ही बघितलंत तर तुम्हालाही समाधान वाटेल. इथेच खरी अडचण आहे.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर मी सभालिपिकांकडे गेलो आणि आडून आडून विचारलं की समजा, एखादा शोकप्रस्ताव परत घ्यायचा झाला तर काय करावं लागतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, मंजूर ठराव तीन महिने उघडता येत नाही. शिवाय दुःख मागे घ्यायचं म्हणजे सभागृहाने काय व्यक्त करायचं? आनंद? आनंदाचा नमुना आमच्याकडे नाही, छापूनच घेतलेला नाही. आणि त्यातून माणूस जिवंत निघाला तर तळं स्मारक राहत नाही, ते पुन्हा बांधकाम होतं, काम जागच्या जागी थांबतं आणि कागद परत वरच्या कचेरीत जातो. म्हणजे मामा, तुमच्या जिवात जीव असेपर्यंत माझ्या बदकांना पाणी नाही. असं लिहिताना मला किती वाईट वाटतं ते तुम्हाला कळेलच.

त्यातून त्यांनी तुमचा फोटो मागितला. मी तो तुमच्या निवृत्तीच्या वेळचा दिला, ज्यात तुम्ही तराजूशेजारी ताठ उभे आहात. तो मोठा करून सभागृहात नगराध्यक्षाबाईंच्या खुर्चीमागे लावला आहे. मिशी तर अशी उठून दिसते की परवा पाणीपट्टी वाढवण्यासाठी भरलेल्या खास बैठकीत बोलताना सगळे सदस्य मिशीकडे बघून बोलत होते आणि वाढ बरीच कमी झाली. थोडक्यात, या शहरात तुमचा चेहरा आता लहानथोरांना पाठ आहे, आणि तुम्ही महिनाअखेरीला येणार आहात, आणि तळ्याचं उद्घाटनही महिनाअखेरीलाच आहे. तुम्ही स्थानकावर उतरून नुसते घरापर्यंत चालत आलात तरी माझं सभापतिपद, तळं आणि संसार या तिन्हींचा निकाल लागेल.

असो. बाकी विशेष काही नाही. हवा बरी आहे. मामींना पुन्हा एकदा नमस्कार, आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देऊ नका. रागावू नका असं म्हणणार नाही, रागवा, भरपूर रागवा, रागावणं प्रकृतीला चांगलं असतं आणि तुमची प्रकृती चांगली राहावी एवढीच माझी इच्छा आहे.

तुमचा (तुम्ही असताना आणि तुमच्या पश्चातही) लाडका भाचा.

ता. क. : मुख्य गोष्ट लिहायची राहिली. उद्घाटन दिवंगतांच्या सख्ख्या भावाच्या हस्ते करायचं ठरलं आहे. सूचना हरकतवाल्यांचीच, भावात तरी त्या माणसाची छाया बघायला मिळेल असं ते म्हणाले. तुम्हाला बहीण एकच, म्हणजे माझी आई, आणि भाऊ नाही, हे मला ठाऊक आहे. सभागृहाला ठाऊक नाही. तेव्हा विनंती अशी, की तुम्ही महिनाअखेरीला यावं ते तुमचे धाकटे बंधू म्हणून. काही अवघड नाही. फक्त ती मिशी काढावी लागेल. मला माहीत आहे मी काय मागतो आहे. नोकरीत बढती नाकारलीत पण मिशीला कात्री लावली नाहीत, ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण मामा, केस पुन्हा उगवतात, भाच्याचं तसं नाही.

दुसरा ता. क. : स्थानकावरून येताना हरकतवाल्यांचं दुकान लागतं. त्यांच्या तराजूकडे बघू नका. मागच्या खेपेला तुम्ही औषधवाल्याच्या काट्यावर उभे राहून त्याला शहाणं करून सोडलं होतं. धाकटे बंधू हे, असं समजा, चित्रकलेचे शिक्षक होते.

तिसरा ता. क. : पाकीट बंद करून टपालात टाकायला निघालो तोच मामींचा फोन आला, म्हणून पाकीट पुन्हा फोडलं. आमच्या कचेरीतून दिवंगतांच्या घरी पत्र निघायला महिना लागतो या भरवशावर मी निर्धास्त होतो. पण आमच्या शिपायाची मेहुणी तुमच्याच गल्लीत राहते, तो कालच गेला आणि दुखवट्याचं पत्र, माझं भाषण शब्दन् शब्द टंकून, उद्घाटनाच्या निमंत्रणासकट तुमच्याच हातात देऊन आला. (तो सांगत होता की दिवंगतांच्या बंधूंनी सही करून पत्र घेतलं आणि पाणी विचारलं.) मामी म्हणाल्या की तुम्ही ते पत्र उभ्याने वाचलंत, मग खाली बसून वाचलंत, मग चष्मा पुसून वाचलंत. आपण मेल्याबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत. पुलांबद्दलही नाही. एवढंच म्हणालात, 'इतका काही जोर देत नव्हतो मी अंगठ्याला.' आणि उठून आरशासमोर गेलात. मामी म्हणाल्या, लग्नानंतर पहिल्यांदाच यांचा वरचा ओठ बघते आहे, बरा आहे.

तेव्हा वरचं सगळं पत्र वाचलं नाहीत तरी चालेल. या, लवकर या. फक्त येताना फळीवरचा तो पितळी तराजू घेऊन या. चित्रकलेच्या शिक्षकाजवळ तराजू कशाला असं कुणी विचारलं तर मी बघून घेईन. तळ्यावर बदकांना दाणे तुम्ही वाटायचे आहेत, आणि त्या धाकट्याची पाळी आली की मी सगळ्या सभागृहाला खिडकीबाहेर बघायला सांगेन. उद्यानाला खिडकी नाही, पण त्यावर हरकत कोण घेणार? हरकतवाले आधीच रडत असतील.